फोन वाजला की नेट जातं? मॉडेम बदलण्याआधी लाइन तपासा



पावसाळा सुरू झाला की आपल्या शहापूर-मुरबाडकडून मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो. "सर, फोन आला की नेट बंद पडतं." "सर, सकाळी नेट मस्त चालतं, पाऊस पडला की लाल लाइट." "सर, फोनमध्ये खरखर आहे, पण नेटचा आणि त्याचा काय संबंध?"

संबंध आहे, आणि अगदी जवळचा आहे. व्हिडिओत मी हे हाताने करून दाखवलंय. पण व्हिडिओ बघत बघत वायर सोडवणं जमत नाही, म्हणून सगळं इथे क्रमाने लिहून देतोय. पान सेव्ह करून ठेवा. ज्यांच्या घरी किंवा दुकानात टेलिफोनच्या तांब्याच्या वायरवरून ब्रॉडबँड येतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. फायबर घेतलेल्यांनी शेवटचा भाग वाचला तरी चालेल.

आधी धंद्याचा हिशोब

बीबीए करताना 'डाउनटाइम' हा शब्द आम्हाला कारखान्याच्या मशीनसाठी शिकवला होता. मशीन बंद म्हणजे उत्पादन बंद. दुकानात उभं राहिल्यावर कळतं की आपलं मशीन म्हणजे ही भिंतीवरची दोन तारांची वायर आहे.

साधं उदाहरण घ्या. दर महिन्याला जीएसटीआर-३बी भरणाऱ्यांची तारीख २०. एक दिवस उशीर झाला की ५० रुपये, आणि व्यवहार शून्य असला तरी २० रुपये, रोजचे. पैशाचं एक वेळ ठीक आहे. पण बाराव्या मुलाचा प्रवेशअर्ज भरून द्यायचा आहे, आज शेवटचा दिवस आहे आणि तुमच्या मॉडेमचा लाइट लुकलुकतोय, तेव्हा ते गिऱ्हाईक नुसतं तुमचं उरत नाही. त्या घरातलं एक वर्ष तुमच्या वायरला टांगलेलं असतं.

आणि अशा वेळी माणूस काय करतो? घाबरून नवीन मॉडेम आणतो. हजार-दोन हजार गेले, लाइट तसाच लुकलुकतोय. कारण बिघाड मॉडेममध्ये नव्हताच, लाइनमध्ये होता. म्हणून आजचा नियम: खिशात हात घालण्याआधी बिघाड कुठे आहे ते शोधा.

एका वायरवर दोन गाड्या

बीएसएनएलने 'डेटावन' नावाने ही ब्रॉडबँड सेवा जानेवारी २००५ मध्ये सुरू केली. गंमत बघा, त्यासाठी नवीन वायर टाकली नाही. जी तांब्याची जोडी आधीच घरात फोनसाठी आलेली होती, तिच्यावरच नेट चढवलं.

हे जमतं कसं? आपला आवाज टेलिफोनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात जातो. बाकीचा सगळा पट्टा रिकामा. एडीएसएलने त्याच्या वरचा भाग घेतला. तुमच्याकडून जाणारा डेटा साधारण २५ ते १३८ किलोहर्ट्झमध्ये आणि तुमच्याकडे येणारा त्याच्या वर, ११०० किलोहर्ट्झपर्यंत. नंतरच्या एडीएसएल-२ प्लसमध्ये तो २२०० पर्यंत गेला. म्हणजे रस्ता एकच, पण खालच्या लेनमधून बैलगाडी आणि वरच्या लेनमधून एसटी. दोघांनी आपापली लेन पाळली तर भांडण नाही.

त्या दोन लेन वेगळ्या करणारी छोटी डबी म्हणजे स्प्लिटर. तिला तीन तोंडं असतात: लाइन, फोन आणि मॉडेम. ही डबी नसेल, उलटी लागली असेल किंवा खराब झाली असेल, तर बैलगाडी एसटीच्या लेनमध्ये घुसते. फोन उचलला की नेट जातं ते असं.

दुसरी गोष्ट म्हणजे घंटी. फोन शांत असताना वायरवर साधारण ४८ व्होल्टचा डीसी दाब असतो. घंटी वाजवायला एक्स्चेंज त्यावर साधारण ७५ व्होल्टचा एसी पाठवतं. जॉइंट घट्ट असेल तर काही होत नाही. पण तांब्याच्या भांड्यात आंबट ठेवल्यावर जसं कळकतं, तसा जॉइंट पावसाने हिरवा पडलेला असेल, तर त्या धक्क्याने संपर्क क्षणभर हलतो आणि मॉडेमची जुळलेली तार तुटते. मग त्याला पुन्हा जुळवायला मिनिटभर लागतं. तुम्ही म्हणता, "नेट गेलं आणि आपोआप आलं."

कधी याच्या उलटही होतं. घंटी वाजून गेली की नेट थोडा वेळ सुधारतं, कारण त्या दाबाने जॉइंटवरचा गंजाचा पापुद्रा तात्पुरता फुटतो. हा चमत्कार नाही. जॉइंट खराब असल्याची ती सहीच आहे.

वायर जाते कुठून कुठे?

हे पाच टप्पे पाठ करा:

१. घरातली वायरिंग (फोन, स्प्लिटर, मॉडेम, आतल्या खोलीतलं एक्स्टेन्शन)
२. भिंतीवरची रोझेट डबी, जिथे बाहेरची वायर येऊन थांबते
३. ड्रॉप वायर, म्हणजे खांबावरून घरापर्यंत हवेतून आलेली काळी वायर
४. डीपी, म्हणजे खांबावरची किंवा भिंतीवरची टेलिफोनची पेटी (आपल्याकडे विजेच्या पेटीलाही डीपी म्हणतात, तक्रार देताना 'टेलिफोनची डीपी' असं स्पष्ट सांगा)
५. पुढे जमिनीखालची केबल, पिलर आणि एक्स्चेंज

पहिला टप्पा तुमचा. दुसऱ्याच्या पुढचं सगळं कंपनीचं. आपल्याला एवढंच ठरवायचंय की बिघाड रोझेटच्या अलीकडे आहे की पलीकडे. अर्धं काम तिथेच संपतं.

तपासणी: याच क्रमाने करा

पायरी १ : कान लावा. फोन उचला, कुठलाही एक आकडा दाबा. डायल टोन बंद होईल. आता नुसतं ऐका. शांत असेल तर चांगलं. खरखर, तडतड, भुणभुण किंवा दुसऱ्याचं बोलणं ऐकू आलं तर लाइनमध्ये दोष आहे, नेटचा विषय पुढचा. लाइनची खरखर गेल्याशिवाय नेट स्थिर होणार नाही, मॉडेम कितीही भारी घ्या.

पायरी २ : लाइट वाचा. मॉडेमवर 'डीएसएल' किंवा 'एडीएसएल' असा एक लाइट असतो. तो स्थिर असेल तर तुमचा मॉडेम आणि एक्स्चेंज यांची गाठ पडलेली आहे. लुकलुकत असेल तर गाठ पडत नाही, म्हणजे लाइन तपासा. डीएसएल स्थिर, पण 'इंटरनेट'चा लाइट लाल किंवा बंद असेल तर लाइनला दोष देऊ नका. तिथे युजरनेम-पासवर्ड, थकलेलं बिल किंवा मॉडेमची सेटिंग बघायची. बीएसएनएलसाठी व्हीपीआय ० आणि व्हीसीआय ३५ असं असतं. कोणी मॉडेम रिसेट केला असेल तर हे आकडे उडालेले असू शकतात.

आणि दोन्ही लाइट स्थिर आहेत, तरी मोबाईलवर नेट चालत नाही? मग वायफायचा प्रश्न आहे. कॉम्प्युटरला केबल लावून बघा, लगेच कळेल.

पायरी ३ : सगळं काढा. ही सर्वांत महत्त्वाची पायरी. घरातले सगळे फोन, कॉलर आयडीची डबी, फॅक्स, आतल्या खोलीतलं एक्स्टेन्शन, स्प्लिटर, सगळं सोडवा. मॉडेम एका छोट्या चांगल्या वायरने थेट रोझेटला लावा. दहा मिनिटं थांबा.

नेट स्थिर झालं? अभिनंदन, बिघाड घरातच आहे आणि स्वस्तात सुटणार आहे.
तसंच राहिलं? तर रोझेट, त्यापुढची वायर किंवा फार तर मॉडेम. शेजाऱ्याचा चालू मॉडेम दहा मिनिटं आणून लावून बघा. त्यावरही तेच झालं तर तुमचा मॉडेम निर्दोष सुटला.

पायरी ४ : एकेक परत लावा. आधी स्प्लिटर. पाच मिनिटं बघा. मग मुख्य फोन. मोबाईलवरून स्वतःच्या लँडलाइनला कॉल करा, घंटी वाजू द्या, मग उचला. नेट टिकलं तर पुढचा फोन लावा. ज्याच्यावर नेट पडलं, तो चोर.

लक्षात ठेवा, आतल्या खोलीतला फोन स्प्लिटरच्या फोन तोंडातूनच गेला पाहिजे. रोझेटमधून थेट दुसरी वायर ओढून घेतलेली असेल तर त्या फोनला स्वतःचा वेगळा फिल्टर लागतो.

पायरी ५ : मॉडेमचं पान उघडा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका (इंग्रजी आकड्यांत). काही मॉडेमचा पत्ता वेगळा असतो, तो खाली चिकटवलेल्या लेबलवर असतो. आत 'स्टेटस' किंवा 'एडीएसएल' असं पान सापडेल. तिथले फक्त तीन आकडे बघा.

*एसएनआर मार्जिन:* गोंगाटापेक्षा सिग्नल किती वर आहे ते. डेसिबलमध्ये असतं. १० च्या वर असेल तर निवांत. ६ च्या खाली गेलं की लाइन कधीही तुटेल. कोरड्या दिवशी आणि पावसाच्या दिवशी हा आकडा लिहून ठेवा. मोठा फरक असेल तर कुठेतरी पाणी शिरतंय, यापेक्षा चांगला पुरावा नाही.

*अॅटेन्युएशन:* वाटेत सिग्नल किती गळला ते. इथे आकडा जितका कमी तितकं चांगलं. ४० च्या खाली उत्तम, ५० पर्यंत ठीक, ६० च्या वर कठीण. हा आकडा मुख्यतः एक्स्चेंजपासूनच्या अंतराचा आहे. एडीएसएल-२ प्लस एक्स्चेंजच्या शेजारी २४ एमबीपीएसपर्यंत जाऊ शकतं, पण चार-पाच किलोमीटर वायर झाली की एक-दोन एमबीपीएसवर येतं. वाडीवरच्या माणसाने बाजारपेठेतल्या माणसाच्या स्पीडशी तुलना करून त्रास करून घेऊ नये. मात्र हाच आकडा अचानक वाढला तर अंतर वाढलेलं नाही, जॉइंट बिघडलाय.

*सीआरसी एरर:* चुकून आलेल्या डेटाची मोजणी. थोडी असणारच. पण फोन वाजला की हा आकडा धडाधड वाढतो का ते बघा.

एक केस

सरळगाव बाजूच्या एक ताई माझ्या बॅचला होत्या. घरातूनच ऑनलाइन फॉर्म भरून देतात. बचत गटातून कर्ज काढून कॉम्प्युटर आणि प्रिंटर घेतलेला, हप्ता चालू. पावसाळ्यात रोज दुपारी नेट तुटायला लागलं. एका ओळखीच्याने सांगितलं, मॉडेम गेला, नवीन घ्या. पैसे काढूनही ठेवले होते.

मी म्हटलं, ताई, आधी पायरी तीन करा. त्यांनी सगळं सोडवून मॉडेम थेट रोझेटला लावला, आणि तो दिवसभर हलला नाही. मग एकेक परत लावत गेल्या. सासूबाईंसाठी मागच्या पडवीत एक जुना फोन होता. त्याची वायर लावली की खेळ सुरू. वायर कौलाखालून गेलेली, मध्ये नुसता पीळ देऊन जोडलेली, वर टेपसुद्धा नाही. कौलाची गळती बरोबर त्या पिळावर.

तेवढा तुकडा बदलला, वायर कोरड्या भिंतीवरून घेतली, नवीन स्प्लिटर लावला. शंभर-दीडशे रुपयांत काम झालं. मॉडेमसाठी काढलेले पैसे गटाच्या हप्त्यात गेले. सासूबाईंचा फोनही चालू राहिला, हे मला जास्त आवडलं. कारण "नेटसाठी फोन काढून टाका" हा सल्ला देणारे खूप असतात.

फोन बंद, पण नेट चालू?

हा प्रश्नही येतो. फोनला डायल टोन नाही, पण नेट हळूहळू चालतंय. लोक म्हणतात, नेट चालतंय ना, मग फोनचं राहू दे. असं करू नका! दोन तारांपैकी एक तुटली तर फोनचा डीसी प्रवाह थांबतो, पण नेटचा वरच्या पट्ट्यातला सिग्नल कसाबसा पलीकडे उडी मारू शकतो. म्हणजे नेट लंगडी घालत चाललंय. लगेच तक्रार द्या, आणि 'फोन डेड' अशीच द्या.

बिघाड बाहेर असेल तर

आपल्याकडे भातसा, तानसासारखी धरणं भरणारा पाऊस पडतो. तोच पाऊस डीपीतही शिरतो. त्यात रस्त्यांची रुंदीकरणं, पाइपलाइनची खोदकामं. जेसीबीच्या एका घासात अख्ख्या आळीची केबल जाते. म्हणून तक्रारीआधी शेजारच्या दोन घरी विचारा. सगळ्यांचं गेलं असेल तर केबल, तुमचं एकट्याचं असेल तर ड्रॉप वायर किंवा डीपी.

तक्रार कशी द्यायची? "नेट चालत नाही" हे वाक्य विसरा. त्याने समोरच्याला काहीच कळत नाही. असं सांगा:

"माझा नंबर कोडसकट अमुक आहे. आकडा दाबल्यावर लाइनवर खरखर ऐकू येते. सगळे फोन काढून मॉडेम थेट रोझेटला लावून बघितला, तरी डीएसएल लाइट तुटतो. कोरड्या दिवशी एसएनआर १४ होता, आज पावसात ५ आहे. शेजाऱ्यांचं चालू आहे. ड्रॉप वायर आणि डीपीचा जॉइंट बघावा."

कोड सांगायला विसरू नका. शहापूरचा ०२५२७, मुरबाडचा ०२५२४. अशी तक्रार ऐकली की लाइनमनला शिडी घेऊन यायचं की नुसतं मॉडेम बघायला, हे घरून निघतानाच कळतं. त्याची एक फेरी वाचते, तुमचा एक दिवस वाचतो.

तक्रारीचा डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. तारीख आणि वेळेसकट वहीत लिहा. मुदतीत काम झालं नाही किंवा समाधान झालं नाही, तर ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. पण तिथे पहिला प्रश्न डॉकेट नंबरचाच असतो.

आणि लाइनमनशी माणसासारखं वागा. एक माणूस किती गावं सांभाळतो ते विचारा कधीतरी. पावसात खांबावर चढणाऱ्याला आधी चहा, मग तक्रार.

हे कधीही करू नका

- खांबावर किंवा डीपीवर स्वतः चढू नका. शेजारून विजेची लाइन गेलेली असते.
- ओल्या हाताने रोझेट उघडू नका. त्याच वेळी घंटी वाजली तर झटका बसतो.
- गडगडाट सुरू झाला की मॉडेमची वीज आणि टेलिफोनची वायर, दोन्ही काढा. नुसतं स्विच बंद करून भागत नाही, कारण वीज टेलिफोनच्या वायरनेही आत येते.
- टेलिफोनची वायर इन्व्हर्टरच्या किंवा मोटरच्या वायरला बांधून नेऊ नका.

दुसरी दोरी तयार ठेवा

विहिरीवर पाणी काढणाऱ्या घरात एक जादा दोरी असतेच. तसं मोबाईल हॉटस्पॉटचं एक वेगळ्या कंपनीचं सिम रिचार्ज करून ठेवा, आणि घरात कुठल्या कोपऱ्यात रेंज येते ते आजच शोधा, शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी नाही. बहुतेक मॉडेम १२ व्होल्टवर चालतात. त्यासाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना मॉडेमच्या अडॅप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा जुळवून घ्या.

फायबर घ्यावं का?

तुमच्या दारात फायबर आलं असेल तर घ्या, माझं स्पष्ट मत. फायबरमधून वीज नाही, प्रकाश जातो. त्यामुळे घंटी, गंज, ओलावा हे प्रश्नच उरत नाहीत. तिथले प्रश्न वेगळे: वायर जास्त वाकवली किंवा तुटली की डबीवरचा 'लॉस'चा लाल लाइट लागतो, आणि तिला टेप लावून जोडता येत नाही, खास मशीनच लागतं. लाइट गेली की डबीही बंद. पण सगळ्या पाड्या-वाड्यांवर फायबर पोचेपर्यंत तांब्याची वायर सांभाळावीच लागेल.

आपल्याच मुरबाड तालुक्यातलं धसई गाव डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. छोट्या छोट्या दुकानांत बँक ऑफ बडोदाची स्वाइप मशीन आली. तेव्हा सगळ्यांनी फोटो मशीनचे काढले. धंदेवाल्याने मात्र मशीनच्या मागे बघायला शिकलं पाहिजे. कार्ड असो, क्यूआर असो की ऑनलाइन फॉर्म, गल्ल्यावर दिसतं ते फक्त पान. मूळ कुठल्यातरी वायरमध्ये, टॉवरमध्ये, जॉइंटमध्ये असतं.

आजचं काम

एक साधी वही घ्या. पहिल्या पानावर टेलिफोन नंबर, ब्रॉडबँडचा युजरनेम, मॉडेमचं नाव. दुसऱ्या पानावर चार रकाने: तारीख-वेळ, काय झालं, पाऊस होता का किंवा फोन वाजला होता का, एसएनआर किती. आज नेट उत्तम चालत असेल तर आजच पहिली नोंद करा. चांगल्या दिवसाचा आकडा माहीत असेल तरच वाईट दिवसाचा अर्थ लागतो.

आठवडाभर नोंदी झाल्या की वहीच सांगेल, दुकानात जायचं की तक्रार द्यायची.

लाइन सांभाळा, धंदा वाढवा!